ई बेस, महिना चौथा: न घेतलेली मुरकी

मध्ये काही लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतंच, रोज तोच यमन राग आणि रोज तीच दुखणारी बोटं. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: दीड वर्ष पांढरी पाचची (सा पेटीच्या पाचव्या पांढऱ्या पट्टीवर) छोटी बासरी वाजवली, एप्रिलमध्ये ई बेस घेतली, म्हणजे पांढरी तीनची, खालच्या सुराची मोठी बासरी, लांबी तीस इंचाच्या आसपास. पहिल्या दिवशी उजव्या हाताची अनामिका शेवटच्या भोकापर्यंत पोचेचना. आता पोचते. म्हणजे पोचते असं मी जूनपर्यंत धरून चाललो होतो.

रोज एक टेक, म्हणजे एका दमात केलेलं रेकॉर्डिंग, करतो, तीन मिनिटांचा, त्याहून जास्त नाही. ही लांब बासरी ज्यांनी शास्त्रीय संगीतात आणली त्या पन्नालाल घोषांच्या (१९११-१९६०) जमान्यात ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला साधारण तेवढंच मावायचं, त्यांनी तेवढ्यात राग उभा केला तर मला चार पलटे (सुरांचे सरावाचे क्रम) बसवायला काय हरकत आहे. हे आपलं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की अर्ध्या तासाची फाईल कोणी ऐकत नाही, वाजवणारा तर नाहीच. पहिल्या महिन्यातल्या तसल्या नऊ फायली अजून तशाच पडल्यात.

घर ठाण्यात मानपाड्याला. पुढून घोडबंदर रोड आणि मेट्रोचं काम, मागून येऊरचा डोंगर, त्यामुळे रेकॉर्डिंग मागच्या खोलीत आणि पहाटे साडेपाचला. मे महिन्यात कोकीळ प्रत्येक टेकमध्ये आहे (माझ्यापेक्षा सुरात), जुलैपासून खिडकीवरच्या पत्र्यावर पाऊस. खोलीत फरशी आणि कोऱ्या भिंती, आवाज नुसता घुमायचा, मग कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडवर आजीची गोधडी टाकली. बायकोने एकदा दारातून बघितलं, काही बोलली नाही, गेली.

माईक म्हणजे मोबाईलच. सुरुवातीला तोंडासमोर ठेवायचो आणि फुंकेची फुसफुस बासरीपेक्षा मोठी यायची. बासरीचा आवाज फक्त फुंकेच्या भोकातून येत नाही, उघड्या भोकांतूनही येतो, म्हणून आता फोन फुंकेच्या रेषेतून बाजूला, बासरीच्या मधल्या भागासमोर, अडीच-तीन फुटांवर ठेवतो, आणि गेन (माईक आवाज किती वाढवून घेतो ते) इतका कमी की तार सप्तकातला सा जोरात घेतला तरी काटा लालला शिवत नाही. जागा बदलायला पैसे लागत नाहीत, आधी ते करा, माईक विकत घ्यायची घाई नको.

आता मुद्द्याचं. या चार महिन्यांत रेकॉर्डिंगने माझ्यावर चार आरोप केले, त्यातले तीन खोटे निघाले.

पहिला, माझा लांब सूर मध्येच बसतो. सा धरला की पाच-सहा सेकंदांनी आवाज बारीक व्हायचा, मी दम वाढवायला पोटातून श्वास, ओंकार, सगळं सुरू केलं. नंतर लक्षात आलं की फोनमधलं नॉइज सप्रेशन चालू होतं. त्याला बोलणं हवं असतं, आणि न बदलता सलग चाललेला आवाज म्हणजे पंखा नाहीतर एसी असं समजून तो दाबतं. तानपुरा तर अख्खा गिळायचं. ते बंद करता येणारं रेकॉर्डर अ‍ॅप घेतलं, दम एका रात्रीत वाढला. ओंकार मात्र चालू ठेवलाय.

दुसरा, माझा गंधार, म्हणजे ग, कमी लागतो. ट्यूनर अ‍ॅपवर रोज तेरा-चौदा सेंट खाली (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये शंभर सेंट). मी फुंक जोरात मारून वर ढकलायचो, मग काटा हिरवा व्हायचा आणि कानाला काहीतरी टोचायचं. शनिवारी नौपाड्यात गुरुजींसमोर तसाच ग लावला तर ते म्हणाले, "हा पेटीचा गंधार कुठून आणलास?" अ‍ॅप पेटीसारखेच सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतं, त्यात शुद्ध ग चारशे सेंटवर येतो, आणि तानपुऱ्याच्या सा बरोबर जुळणारा ग, पाचास चारच्या प्रमाणातला, तीनशे शहाऐंशीवर असतो. म्हणजे आधीचा बरोबर होता, दीड महिना मी तो बिघडवत बसलो. अ‍ॅप आता फक्त सा तपासायला, तेही दहा मिनिटं वाजवून बासरी गरम झाल्यावर, कारण आतली हवा एक अंश तापली की सूर साधारण तीन सेंट चढतो. एसीच्या खोलीतून उठून लगेच गॅलरीत वाजवून बघा म्हणजे कळेल.

तिसरा फार लिहीत नाही, चूक बावळट होती. तीनताल मिनिटाला १२० मात्रांवर, तबल्याचा ठेका ब्लूटूथ इयरफोनमध्ये, बासरी फोनवर, नंतर दोन्ही जुळवलं तर मी प्रत्येक समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) मागे. ब्लूटूथमध्ये आवाजच उशिरा पोचतो, दीड-दोनशे मिलिसेकंद सहज, आणि या लयीत एक मात्रा पाचशेची. वायरवाला इयरफोन शोधून काढला, ड्रॉवरमध्ये होता, गुंता सोडवायला वीस मिनिटं.

चौथा आरोप खरा, आणि गंमत म्हणजे तो आरोप आहे हेच मला कळलं नव्हतं. यमनमध्ये तीव्र म वरून प वर येताना माझ्या टेकमध्ये एक छोटीशी मुरकी (सुरांची झटकन घेतलेली नक्षी) ऐकू येते, म आणि प च्या मध्ये ध चा नुसता स्पर्श. जूनमध्ये ऐकलं तेव्हा मी खूष, म्हटलं हात बसायला लागला, न ठरवता अशा जागा यायला लागल्या. एक टेक गुरुजींना ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि विचारलं, "छान आहे. तू घेतलीस का ती?"

मी म्हटलं, "हो... म्हणजे आपोआप आली."

"आपोआप येते ती मुरकी नसते रे. पुढच्या वेळी हंसध्वनी वाजवून आण."

हंसध्वनीत म नाही आणि ध पण नाही. सा रे ग प नी, एवढंच. घरी येऊन टेक केला आणि ग वरून प वर जाताना प्रत्येक वेळी मध्ये ध, जो त्या रागात नाहीच. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून टेम्पो निम्मा केला (सूर न बदलता वेग कमी होतो, मुद्दाम बघा) तेव्हा उलगडा झाला. तीव्र म ला सगळी भोकं उघडी, ग ला फक्त वरचं एक बंद, आणि प ला सहाही बंद. म्हणजे पाच-सहा बोटं एकदम पडायला हवीत. माझी पाच पडतात आणि उजवी अनामिका मागून येते. पाच बंद आणि शेवटचं उघडं म्हणजे काय, तर ध. यमनमध्ये तो ध शोभून दिसतो म्हणून कोणाला कळलं नाही, मलाही नाही. वाजवताना मला प च ऐकू येत होता कारण मला प वाजवायचा होता.

मोजलं. त्या तीन मिनिटांत ग-प एकतीस वेळा, त्यातले अठ्ठावीस गळके, म्हणजे मध्ये ध आलेले. मग फोन बासरीच्या शेपटाकडे ठेवून नुसत्या उजव्या हाताचा व्हिडिओ काढला. अनामिका दोन पेरं वर उचललेली, जणू वर्गात हात वर केलाय, बाकीची बोटं भोकाजवळच. लांबचा प्रवास, म्हणून उशीर. आणि टोकाने दाबत होतो, गुरुजींनी बोट थोडं सपाट करून पेराच्या गादीने झाकायला सांगितलं, मनगट किंचित बाहेर. पहिले चार दिवस त्याने प लागेचना, नुसती हवा.

सध्या रोजचा टेक हंसध्वनीचाच, लय साठ, ग-प-ग-प आणि काही नाही. घरच्यांना पाठ झालंय, मुलगी दात घासताना गुणगुणते, तिच्या ग-प मध्ये ध येत नाही. गळके मोजून वहीत लिहितो: अठ्ठावीस, सव्वीस, सव्वीस, एकोणीस, मग पावसात ऑफिसहून भिजत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी परत सत्तावीस, काल अकरा. लय ऐंशी केली की परत वीसच्या वर जातात, म्हणून साठवरच आहे.

यमनला गुरुजींनी अजून हात लावू दिलेला नाही. म्हणाले, आधी तो ध घरी ठेवून ये, मग बोलावू त्याला.