दाब, धर, सोड

रविवार, रात्री साडेनऊ

आज अ‍ॅम्बेसेडरचे मागचे ब्रेक दुरुस्त करून झाले. डिझेल लावून दोनदा साबणाने हात धुतले, तरी नखांतलं काळं काही गेलं नाही.

गेल्या मंगळवारी अंजनगावहून येताना कापसाने भरलेली बंडी पांदणीतून एकदम रस्त्यावर आली. ब्रेक मारला तर पॅडल खालीच गेलं. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा गाडीने धरलं, तेही उजवीकडे ओढत. बंडीच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबलो. आई शेजारी बसली होती. काही बोलली नाही, पदराने फक्त तोंड पुसलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

गाडी 1978 ची, मार्क 3. बाबांनी 1986 मध्ये जुनीच घेतली होती. हिच्या चारही चाकांना ब्रेकची एकच लाइन आहे. एका चाकाला गळती लागली की जोर सगळ्याच चाकांचा जातो. बाबा गाडी सुरू करण्याआधी रोज पॅडल दाबून पाहायचे, न चुकता. मी ती सवय कधी सोडली ते मला आठवतही नाही, आणि याचं फार वाईट वाटतं.

सकाळी सातलाच सुरुवात केली. आमच्याकडे काळ्या मातीत जॅक रुततो, म्हणून खाली बाभळीची जाड फळी टाकली. मागचं चाक उचललं की गिअर आणि हँडब्रेक या दोन्हींचा भरवसा संपतो, तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या. चाक काढल्यावर अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे दिले आणि मगच हात आत घातला.

ड्रम, म्हणजे ब्रेकवरचं लोखंडी झाकण, निघता निघेना. स्क्रू गंजलेले. दोष माझाच. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, बोअरचं पाणी खारं. बाबा गाडीला ते पाणी लागू देत नसत. मी मात्र दोन वर्षं त्याच पाण्याने धुतली. शेवटी धुण्याची मोगरी घेऊन ड्रमच्या कडेने गोल फिरत हळूहळू ठोकत गेलो, तेव्हा कुठे तो सुटला.

आतली धूळ झटकली नाही. ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते शू, आणि त्यांच्यावरची घासपट्टी म्हणजे लायनर. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलं तर कायमचं बसतं. नाकाला दुपट्टा बांधला, धुळीवर पाणी शिंपडलं आणि ओल्या फडक्याने पुसून घेतली. डावीकडचा शू पूर्ण तेलकट झाला होता. आता हे तेल कुठलं? अ‍ॅक्सलचं सील फुटलं असेल तर गिअर ऑइल, शू ढकलणारा चाकातला सिलिंडर गळत असेल तर ब्रेक ऑइल. काम दोन्हींचं वेगळं. वाटीत पाणी घेऊन त्यात दोन थेंब सोडले. गिअर ऑइल वर तरंगलं असतं. हे पाण्यात मिसळून गेलं. म्हणजे व्हील सिलिंडरच.

रबरी टोपी मागे सारली तर आत तपकिरी चिखल होता. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. वर्षानुवर्षं बदललं नाही तर त्या ओलीने सिलिंडर आतून गंजतो. नवीन डॉट 3 दर्जाचं ब्रेक ऑइल 205 अंशांपर्यंत उकळत नाही. तेच पाणी धरल्यावर 140 अंशांच्या आसपासच उकळू शकतं. सिलिंडरमधून करंगळी फिरवली. बोटाला खड्डे लागले, ज्वारीच्या दाण्याएवढे दोन. इथे नुसत्या रबर किटने भागणार नव्हतं. मागच्या वर्षी एका गॅरेजात लायनर घासून परत बसवले होते. सिलिंडर उघडायला मी सांगितलं नाही, त्यांनीही पाहिला नाही.

अ‍ॅम्बेसेडर बनवणारा उत्तरपाड्याचा कारखाना 2014 मध्ये बंद पडला तरी सामान अजून मिळतं. शुक्रवारीच अमरावतीहून दोन सिलिंडर आणि दोन्ही चाकांचे शू आणून ठेवले होते. एकाच बाजूला नवीन लावले तर गाडी पुन्हा ओढणार, म्हणून उजवीकडचेही बदलले. रबर मात्र ब्रेक ऑइलनेच पुसायचं. डिझेल किंवा पेट्रोल लागलं की ते फुगतं. स्प्रिंग चढवताना अंगठा सोलला. शू कसे होते त्याचा फोटो आधीच मोबाइलवर काढून ठेवला होता, नाहीतर दुपार तिथेच गेली असती.

राहिली ब्रेकच्या लाइनीत शिरलेली हवा काढायची. त्याला दोन माणसं लागतात. पोरं शेतात वेचणीला गेलेली. घरात एकटी आई.

"मले जमन काय रे?" ती म्हणाली. "तुह्या बाबानं या सीटवर मले कदी बसू नाई देलं."

चप्पल दाराशी काढून ती स्टिअरिंगमागे बसली. पॅडलचा जोर तेलाला देणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक म्हणजे मागचं डावं, तिथून सुरुवात. चाकामागच्या, हवा सोडायच्या निप्पलला सलाइनची नळी लावली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडवलं. मी चाकापाशी बसून ओरडायचो, "दाब. धर." मी निप्पल सैल करायचो, नळीतून बुडबुडे सरकायचे, निप्पल घट्ट करायचो आणि मग म्हणायचो, "सोड." मधे मधे उठून तेलाचं वरचं भांडं भरत होतो, ते रिकामं झालं की पुन्हा हवा आत शिरते. सुरुवातीला ती म्हणाली, "लोण्यात पाय गेल्यावानी लागते." चौथ्या चाकापर्यंत तिला माझ्या सांगण्याची गरज उरली नव्हती. मी पाना हातात घेतला की तीच आतून म्हणायची, "धरला."

नळीत एकही बुडबुडा दिसेना तेव्हा विचारलं, "आता कसा लागते वो आई?"

"आता पायाले गोटा लागल्यावानी झाला."

संध्याकाळी पांदणीवर नेऊन पाहिली. आधी अगदी हळू, मग तीसच्या वेगाने. सरळ रेषेत थांबली. नाल्याच्या चढावर हँडब्रेकनेही गाडी धरून ठेवली. उतरून चारही चाकांच्या आतून हात फिरवला, कोरडं होतं. शंभरेक किलोमीटर चालली की शू पुन्हा अ‍ॅडजस्ट करायचे आहेत.

परवा आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे अंजनगावला न्यायचं आहे. निघण्याआधी पॅडल आपणच दाबून पाहणार, असं तिने मघाशी जेवताना सांगितलं.