फॅन तर फिरतोय

खंबाटकी घाट उतरून आलं की सुरूर फाट्याजवळ माझं गॅरेज आहे. मे महिन्यात दुपारचं जेवण वेळेवर होईल याची खात्री नसते. पुण्याहून शिरवळपर्यंत गाड्या सुसाट येतात. मग घाटात लोड भरलेल्या ट्रकमागे अडकतात आणि एसी लावून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनच्या तापमानाचा काटा वर सरकतो.

त्या दिवशी आलेली गाडी छोटी, पेट्रोलची. आत पाच माणसं, डिकीत आहेराच्या पिशव्या. कराडला संध्याकाळी हळद होती. घाटमाथ्यावर गाडीनं पाणी फेकलं, तास-दीड तास थांबून, बाटल्यांनी पाणी भरून कशीबशी इथवर आणलेली. मालकानं आल्याआल्या बिलांची चळतच पुढं केली. रेडिएटर साफ केलेला, थर्मोस्टॅट नवा, वॉटर पंप नवा, फॅनची मोटरही नवी. आणि आता हेड पॅकिंग, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, गेलंय म्हणून हेड उतरवायला सांगितलेलं, वीस हजारांचा अंदाज देऊन. माणूस रडकुंडीला आला होता.

मी विचारलं, "दादा, हायवेला गरम होते का?"

"नाही ना! ऐंशीनं पळवली तर काटा हलत नाही. सिग्नलला थांबलो की चढतो. एसीपण तेव्हाच गार करत नाही."

हे ऐकून पॅकिंगवरचा माझा विश्वास उडाला. पॅकिंग गेलेलं इंजिन हायवेला, लोडवर, असं शहाण्यासारखं वागत नाही. वाऱ्यावर गाडी थंड राहते आणि उभी राहिली की तापते, म्हणजे हवा कमी पडतेय. आणि उभ्या गाडीला हवा देणारा एकच, फॅन.

गाडी पुरती निवू दिली. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडून हात भाजून घेतलेली माणसं मी पाहिलीत, त्यामुळे कितीही घाई असली तरी तिथं मी कुणाचं ऐकत नाही. कूलंट पुरं केलं, पॅकिंग गेल्यावर येतात तसे बुडबुडे येतात का पाहिलं, नव्हते. फॅन हातानं फिरवला, मोकळा. फ्यूज, रिले ठीक. एसी बंद ठेवून इंजिनचं तापमान दाखवणारा स्कॅनर लावला. ९६ अंशांना फॅन लागला.

"मिस्त्री, फॅन तर फिरतोय," मालक म्हणाले. "सगळ्यांनी तेवढं बघितलंय."

फॅनच्या वायरी जोडणाऱ्या कपलरमागून मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, मोटरवर १३.४. वायरिंगमध्ये करंट अडत नव्हता. पण स्कॅनरवरचा आकडा खाली येईना. चांगला फॅन लागला की दोन-तीन मिनिटांत पारा नव्वदीकडे उतरतो. इथं ९८, ९९, १०१. मी इंजिन बंद केलं. हेड उतरवायचं माझ्याही मनात येऊन गेलं, खरं सांगतो.

थोड्या वेळानं पुन्हा चालू केलं. मालकांचे वडील गाडीच्या तोंडाशी उभे होते. फॅन लागला आणि ते धोतर सावरत बाजूला झाले. "पुढं उभं ऱ्हाववंना बाबा, झळ मारतीया."

माझा हात तिथंच थांबला. झळ पुढं? या गाडीचा फॅन रेडिएटरच्या मागं असतो, पुढची हवा तो आत ओढतो. गरम हवा इंजिनकडं जायला हवी, आजोबांच्या पायांवर नाही.

टेबलावरच्या पेपरचं एक पान घेतलं आणि जाळीपुढं धरलं. पान जाळीला चिकटायला हवं. ते फडफडत माझ्याकडं आलं. परत धरलं, परत तेच.

फॅन उलटा फिरत होता.

खाली वाकून बघितलं तर मोटरच्या वायरवर काळ्या टेपचा गठ्ठा. नव्या मोटरचा कपलर बसला नसणार, म्हणून वायरी तोडून जोडलेल्या, आणि जोडताना अदलाबदल झालेली. डीसी मोटरला प्लस-मायनस उलटं दिलं की ती बिनतक्रार उलटी फिरते. आवाज तोच, पाती फिरताना दिसतात. पण इंजिनची तापलेली हवाच रेडिएटरवर आणि त्याच्या पुढं असलेल्या एसीच्या जाळीवर, कंडेन्सरवर, फेकली जात होती. हायवेला समोरचा वारा तिला मागं लोटायचा, सिग्नलला आणि घाटात मात्र तीच वरचढ व्हायची. आधी मोटर खरंच गेली असेल. पण ती बदलल्यानंतरचा सगळा खर्च या दोन वायरींपायी झाला, याचं मला फार वाईट वाटलं.

बॅटरीची वायर काढूनच आत हात घातला. इंजिन बंद असलं तरी काही गाड्यांचा फॅन अचानक लागतो, माझ्या पोरांना मी हे रोज सांगतो. टेप सोडवला, वायरी सुलट केल्या, सोल्डर मारून स्लीव्ह चढवली. चालू केल्यावर पान जाळीला असं बसलं की जणू खळीनं चिकटवलंय.

उन्हात, एसी लावून, चाळीस मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवली. काटा मध्यावरून हलला नाही. आत बसलेली पोरं गारठून काचा खाली करायला लागली.

आजोबांनी पान माझ्या हातातून घेतलं. स्वतः जाळीपुढं धरलं, सोडलं. चिकटलं. काढलं, पुन्हा सोडलं. सून हाका मारत होती, हळदीला उशीर होत होता, तरी त्यांनी ते चार वेळा करून बघितलं आणि मग पानाची घडी घालून खिशात ठेवली.