वॉल्व्ह की वॉल?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी एक्स्पोर्टचं बघतो. परवा इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला फोनवर तीनदा ‘वॉल्व्ह’ म्हटलं, तिन्ही वेळा त्याला ‘वॉल’ ऐकू आलं. आमच्यात वॉल म्हणजे कास्टिंगची, म्हणजे ओतीव भागाची, भिंत, आणि तिच्या जाडीवरून आधीच वाद चालू होता!

बायको म्हणाली, “अवो, आपला व एकच की!” खरंय. मराठीत एक, कानडीतही एकच. इंग्रजीत दोन, v आणि w. v ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत सोडायची, w ला ओठ शिट्टीसारखे गोल, दात लागूच द्यायचे नाहीत. (‘व्ह’ लिहून आपण त्यात उगाच ह घुसडतो, तो तिथं नसतोच.) आरशासमोर ‘व्हेस्ट, वेस्ट’ करत बसलो. पोरगी म्हणे, पप्पांचा मासा झालाय.

आकड्यांचं वेगळंच. ‘थर्टीन’मध्ये जोर ‘टीन’वर, ‘थर्टी’त ‘थर’वर. माझा दोन्हींत सारखाच. म्हणून हल्ली थर्टीन म्हटलं की लगेच ‘वन थ्री’ जोडतो. गेल्या महिन्यात १३ नगांचे ३० होता होता राहिले.