गाडीतून उतरताना बसणारा चटका

गेल्या डिसेंबरच्या मध्यावर, नाशिकला थंडी पडू लागली त्याच आठवड्यात, आमच्या गाडीने मला चावायला सुरुवात केली. कार्यालयाच्या आवारात गाडी लावून मी उतरले, दार लोटण्यासाठी हात पुढे केला आणि बोट पत्र्याला टेकण्याआधीच ‘चट्’ असा आवाज होऊन बोटाच्या टोकाला टाचणी खुपसल्यासारखा चटका बसला. आधी तो दोन-तीन दिवसांतून एकदा बसत असे. नाताळपर्यंत मात्र दर वेळी बसू लागला आणि घरातल्या प्रत्येकाने दार लावण्याची आपापली पद्धत शोधून काढली. नवरा दार कोपराने ढकलू लागला, मुलगी पाठ टेकवून ते लावू लागली आणि मी ओढणीचे टोक हाताला गुंडाळून ते बंद करू लागले. त्याच गाडीतून, त्याच आसनांवरून उतरणाऱ्या माझ्या आईला मात्र एकदाही चटका बसला नाही आणि त्यामुळे आमच्या तक्रारीवर तिचा विशेष विश्वासही नव्हता.

माझे लहानपण आणि नोकरीची पहिली वर्षे दादरला गेली. तिथे असे काही घडल्याचे मला आठवत नाही, म्हणून दोष गाडीतच असणार अशी माझी खात्री झाली. गाडी जुनी घेतलेली असल्याने संशयाला जागाही होती. ‘बॉडीत करंट येतोय’ असे सांगून मी ती गॅरेजमध्ये नेली. तिथे बॅटरी तपासली गेली, वायरिंग पाहिले गेले, काहीच सापडले नाही आणि शेवटी मागच्या बंपरखाली जमिनीला घासत जाणारा एक रबरी पट्टा बसवून मला साडेतीनशे रुपयांचे बिल देण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चटका पूर्वीइतकाच जोरात बसला.

मग एका रविवारी आम्ही घरीच परीक्षा घेतली. गाडी शुक्रवारपासून जागची हललेली नव्हती. नवऱ्याने बॅटरीची वायर काढून ठेवली. मी चालकाच्या आसनावर बसले, नेहमीसारखी जराशी मागेपुढे सरकले, उतरले आणि दाराला हात लावला. चटका बसलाच. इंजिन बंद, बॅटरी सुटलेली, चाके दोन दिवस स्थिर, म्हणजे वीज गाडी तयार करीत नव्हती हे उघड होते. उरले ते आसन आणि मी.

शाळेत फुग्यावर केस घासून कागदाचे कपटे उचलण्याचा जो प्रयोग आपण सगळ्यांनी केलेला असतो, तोच प्रयोग गाडीत आपल्या संपूर्ण शरीरावर होत असतो. दोन वेगळे पदार्थ एकमेकांना चिकटून वेगळे झाले की एकाकडून दुसऱ्याकडे थोडे इलेक्ट्रॉन जातात. घासल्याने स्पर्शाच्या जागा वाढतात, इतकेच. कोणता पदार्थ इलेक्ट्रॉन सोडतो आणि कोणता ओढून घेतो याची क्रमवार यादी योहान कार्ल विल्के या शास्त्रज्ञाने 1757 मध्येच प्रसिद्ध केली होती. आज आपण अशा याद्या पाहतो तेव्हा लोकर, नायलॉन आणि माणसाची त्वचा साधारणपणे इलेक्ट्रॉन सोडणाऱ्यांच्या बाजूला दिसतात आणि पॉलिस्टर घेणाऱ्यांच्या बाजूला. दिवाळीत मी मोठ्या हौसेने गाडीला मखमलीसारखी मऊ पॉलिस्टरची सीट कव्हरे घातली होती आणि थंडी सुरू झाल्यापासून अंगात लोकरीचे स्वेटर होते. यापेक्षा चांगली जोडी मुद्दाम शोधूनही मिळाली नसती.

इथे एक गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली तीच सर्वांत रंजक आहे. आपण आसनावर बसलेले असतो तेव्हा विद्युतभार वेगळा झालेला असला तरी आपल्यावरचा भार आणि आसनावरचा विरुद्ध भार अगदी जवळजवळ असतात, त्यामुळे विद्युतदाब फारसा वाढत नाही. आपण उठून दूर होऊ लागलो की भार तेवढाच राहतो, पण त्याचा जोडीदार मागे आसनावर राहिल्यामुळे दाब झपाट्याने चढत जातो आणि आपण बाहेर उभे राहतो तेव्हा तो हजारो व्होल्टपर्यंत पोचलेला असतो. थोडक्यात, ती वीज आपण स्वतःच उठण्याच्या श्रमातून पुरवतो. पायातल्या बुटांचे तळ रबराचे असल्याने ती जमिनीत उतरू शकत नाही आणि पहिला धातू समोर येतो तो आपल्याच दाराचा.

एका रात्री आमच्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दिवे गेलेले असताना मी उतरून गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरली आणि तिचे टोक हळूहळू दाराच्या कडीजवळ नेले. साधारण तीन मिलिमीटर अंतर उरले असताना एक बारीक निळसर-जांभळी रेघ चमकून गेली. कोरड्या हवेत एक सेंटिमीटर ठिणगी पडायला सुमारे तीस हजार व्होल्ट लागतात, या हिशेबाने माझ्या अंगावर तेव्हा दहा हजार व्होल्टच्या आसपास दाब असणार. घरातली 230 व्होल्टची वीज जीव घेऊ शकते आणि ही दहा हजारांची वीज नुसता चटका देऊन जाते, कारण घरातली वीज मागून सतत येत राहते आणि इथे मात्र साठाच चिमूटभर असतो, तोही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून कमी वेळात संपतो. त्यातली ऊर्जा पाच मिलिज्यूलच्या आसपास भरते. चमचाभर साखर डब्यातून दहा सेंटिमीटर वर उचलायला लागते, तेवढीच. ती बोटाच्या टोकावरच्या एका बिंदूतून जाते म्हणून झोंबते. किल्लीतून गेली तेव्हा मला जवळजवळ काहीच जाणवले नाही, कारण मुठीत धरलेल्या किल्लीचा स्पर्श बऱ्याच मोठ्या भागाला होता.

दादरचे कोडेही यातूनच सुटले. समुद्राकाठच्या हवेत इतका ओलावा असतो की कापडावर, कातडीवर पाण्याचा अदृश्य पातळ थर राहतो आणि साठलेला भार त्यावरून गुपचूप निघून जातो. घाटावर आले की हिवाळ्यातल्या दुपारी हवा अगदी कोरडी होते. उन्हाळ्यातही ती कोरडीच असते, मग एप्रिलमध्ये चटके कमी का झाले, असा प्रश्न मला पडला होता. पण तोवर स्वेटर कपाटात गेले होते, अंगावर सुती कुडते आले होते आणि पाठ घामाने ओली होती.

त्या साडेतीनशेच्या पट्ट्याबद्दलही सांगायला हवे. तो गाडीवरचा भार जमिनीत सोडण्यासाठी असतो. पण टायरच्या रबरात काजळीसारखा कार्बन मिसळलेला असतो, टायर काळे दिसतात ते त्यामुळेच, आणि त्या कार्बनमुळे ते पुरेसे विद्युतवाहकही होतात. गाडीवरचा भार त्यांच्यामधून सहसा आपोआप उतरतो. भार माझ्या अंगावर होता आणि पट्टा गाडीला बांधला होता. औषध शेजाऱ्याला पाजून आपला ताप उतरण्याची वाट पाहण्यातलाच तो प्रकार झाला.

आता आईविषयी. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे गाडीतून उतरताना ती आधी पाय बाहेर टेकवते, मग एका हाताने दाराची कड आणि दुसऱ्या हाताने दाराचे कुलूप ज्यात अडकते ती चौकटीतली उघडी लोखंडी कडी घट्ट धरून, त्यांच्या आधाराने सावकाश उठते आणि नीट उभी राहिल्यावरच हात सोडते. अंग आसनापासून सुटत असताना तिचा हात पूर्ण वेळ धातूला लागलेला असतो, म्हणून भार साठण्याआधीच झिरपून जातो आणि ठिणगी पडण्याइतका दाब कधी तयारच होत नाही. आम्ही तिघे तरातरा उतरून, हात झटकून, मग दाराला हात लावत होतो. तिची पद्धत उचलल्यापासून मला चटका बसलेला नाही. फक्त धातू उठण्याआधी धरायला हवा; उभे राहिल्यावर धरला तर चटका ठरलेलाच. दाराच्या रंगवलेल्या कडेपेक्षा ती उघडी कडी बरी, आणि हँडल प्लॅस्टिकचे असेल तर ते धरून काही उपयोग नाही. मी आसनावर एक जुनी सुती चादरही घडी करून घातली आहे. तिने गाडीची शोभा गेली, असे मुलीचे म्हणणे आहे.

हा सगळा प्रकार बहुतेक वेळा गमतीचाच असतो, त्याला अपवाद पेट्रोलचा. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण पेटायला एक मिलिज्यूलहूनही कमी ऊर्जेची ठिणगी पुरते, म्हणजे बोटाला चटका देणारी आपली ठिणगी त्यासाठी गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. आपल्याकडे पंपावरचा कर्मचारी पेट्रोल भरतो आणि तो आसनावरून उठून आलेला नसतो, त्यामुळे हा विचार फारसा करावा लागत नाही. माझा भाऊ अमेरिकेत राहतो आणि तिथे बहुतेक ठिकाणी स्वतःच भरावे लागते. नोझल टाकीत अडकवून तो ऊब मिळवण्यासाठी गाडीत जाऊन बसत असे आणि टाकी भरल्यावर उतरून सरळ नोझलला हात घालत असे. मी त्याला फोनवर रागावले. उणे पंधरा अंशांत पंपाशी उभे राहून दाखव, असे तो म्हणाला आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आता तो शक्यतो बाहेरच थांबतो, आणि आत बसलाच तर उतरताना कडी धरून उठतो व नोझलला हात लावण्याआधी टाकीपासून दूर, दाराच्या पत्र्याला एकदा तळहात टेकवतो.