दार पूर्ण उघडण्यापुरती जागा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा नवी मुंबईत खरेदीला गेल्यावर एखाद्या मॉलच्या तळघरात, लिफ्टजवळच्या खांबावर बाबागाडीचे चित्र आणि त्याखाली ‘फॅमिली पार्किंग’ अशी पाटी दिसते. लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांसाठी राखलेल्या या जागा आपल्याकडे अजून नव्या आहेत आणि त्या कशा वापरायच्या याचा शिष्टाचारही अजून घडायचा आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी तिथे कोणत्या गाड्या उभ्या आहेत हे जरा निरखून पाहिले, तर पाटी सर्वांनी वाचली आहे, पण अर्थ मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने लावला आहे, हे लक्षात येते. त्यात दोष पाटीचाही आहे, कारण आपल्याकडे महिन्याचा किराणा भरायला सहसा कोणी एकटे जात नाही आणि ‘फॅमिली’ एवढाच निकष लावला तर निम्मे वाहनतळ पात्र ठरते.

या जागा दाराजवळ असतात म्हणून त्या चालण्याचा त्रास वाचवण्यासाठी आहेत, असा बहुतेकांचा समज असतो आणि सारा गोंधळ तिथूनच सुरू होतो. लहान मूल बरोबर असलेल्या माणसाला वीस पावले जास्त चालायला लागली तरी फारसे बिघडत नाही. त्याची खरी अडचण गाडीचे दार उघडण्याची असते. आपल्याकडे एका मोटारीसाठी आखलेली जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. ह्युंदाई क्रेटाची रुंदी, आरसे सोडून, १.७९ मीटर आहे. अशा दोन गाड्या आपापल्या चौकटीत अगदी मधोमध लावल्या तरी त्यांच्यामध्ये सुमारे ७० सेंटीमीटर उरतात, आणि मधोमध गाडी लावणारे किती असतात हे आपण जाणतोच. एवढ्या फटीतून धडधाकट माणूस पोट आत ओढून, तिरका होऊन बाहेर पडू शकतो. मागच्या आसनावर बसवलेल्या चाइल्ड सीटमधून आठ-दहा किलोचे झोपलेले बाळ उचलायचे असेल, तर मात्र दार पूर्ण उघडावे लागते, कमरेतून आत वाकावे लागते, दोन्ही हातांनी पट्ट्यांची कळ सोडवावी लागते आणि बाळाचे डोके दाराच्या चौकटीला लागू न देता मागे सरकावे लागते. त्यात शेजारी खांब असला की दार शेजारच्या गाडीला घासेल की बाळ रडेल, एवढीच निवड उरते.

ही अडचण पुढे वाढतच जाणार आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ब प्रमाणे चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा मुलांसाठीची सुरक्षित आसनव्यवस्था न लावता गाडी चालवल्यास एक हजार रुपये दंड आहे. मूल आईच्या मांडीवर बसून येत होते तोवर ती त्याला कडेवर घेऊन कशीबशी उतरत असे. ते चाइल्ड सीटमध्ये बसू लागले की त्याला बाहेर काढणाऱ्यालाही उभे राहायला जागा लागते.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर अपंग व्यक्तींसाठीच्या जागा आणि या जागा यांत मोठा फरक आहे. अपंगांसाठीच्या जागेचे मोजमाप आपल्या बांधकामविषयक मानकांत दिलेले आहे: रुंदी किमान ३.६ मीटर आणि इमारतीच्या प्रवेशद्वारापासूनचे अंतर ३० मीटरच्या आत. मुलांसह येणाऱ्यांच्या जागा मात्र दुकानदाराने किंवा मॉलने स्वखुशीने दिलेली सोय आहे. ब्रिटनमध्ये जवळपास प्रत्येक मोठ्या सुपरमार्केटच्या आवारात अशा जागा असतात, तरी तिथेही त्यांना कायद्याचे थेट पाठबळ नाही. खासगी आवाराच्या मालकाने घातलेली ती अट असते. म्हणूनच जवळची जागा कोणाला द्यायची असा प्रश्न आला, तर चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याचा हक्क निर्विवादपणे आधी आहे, आणि बाळ बरोबर आहे म्हणून अपंगांच्या जागेत गाडी लावणे कोणत्याही सबबीवर समर्थनीय नाही. खरे तर मुलांसाठीच्या जागा वाहनतळाच्या थोड्या दूरच्या कोपऱ्यात, पण ऐसपैस आखल्या आणि तिथून लिफ्टपर्यंत पादचाऱ्यांसाठी पट्टा रंगवला, तर त्या फुकट बळकावण्याचा मोहही बराच कमी होईल असे मला वाटते.

कसोटी रुंदीची आहे हे एकदा मान्य केले की कोणी तिथे गाडी लावावी याची उत्तरे फारशी अवघड राहत नाहीत. मूल घरी आजीकडे ठेवून आलेल्या पालकांचा त्या दिवशी या जागेवर काही अधिकार नाही, मग मागच्या आसनावर चाइल्ड सीट बसवलेली का असेना. स्वतःचा बेल्ट स्वतः सोडवून, दार हळू उघडून उतरणाऱ्या दहा वर्षांच्या मुलासाठीही ती जागा नाही. ब्रिटनमधील बऱ्याच दुकानांत बारा वर्षांखालील मूल बरोबर असले तरी चालते, पण ती मर्यादा मला फारच उदार वाटते आणि आपल्याकडे पाच-सहा वर्षांची मर्यादा पाटीवरच स्पष्ट लिहावी. नातवंडाला घेऊन आलेले आजोबा मात्र पूर्ण हक्कदार आहेत. सात-आठ महिन्यांची गरोदर स्त्री बरोबर मूल नसतानाही हक्कदार असावी, कारण अर्धवट उघडलेल्या दारातून तिला उतरवतच नाही. दक्षिण कोरियातील सोल शहराने २००९ साली महिलांसाठी राखलेल्या जागा २०२३ मध्ये कुटुंबांसाठीच्या केल्या, तेव्हा गरोदर स्त्रिया, लहान मुलांना घेऊन येणारे आणि वृद्ध या सर्वांना त्यात सामावून घेतले. आपल्याकडेही काही ठिकाणी महिलांसाठी गुलाबी पट्ट्यांच्या जागा आहेत, पण बाळाला एकट्याने घेऊन आलेल्या बापाने तिथे गाडी लावायची की नाही, याचे उत्तर त्या पट्ट्यांत मिळत नाही.

जागेवर बसून राहण्याबद्दलही काही संकेत हवेत. मुलाला घेऊन आई वर गेली आणि वडील एसी चालू ठेवून तासभर गाडीतच बसले, हे दृश्य नेहमीचे आहे. जागा अडलेली राहते, आणि ज्या कामासाठी ती लागत होती ते तर पहिल्या दोन मिनिटांतच संपलेले असते. अशा वेळी गाडी दुसरीकडे लावून परत निघताना बोलावल्यावर पुढे आणणे अवघड नाही. दोन जागांच्या मधला तिरप्या रेघांचा पट्टा हा दार उघडण्यासाठी आणि बाबागाडी उलगडण्यासाठी सोडलेला असतो. तिथे रिकामी ट्रॉली ढकलून देणे किंवा ‘दोनच मिनिटं’ म्हणत स्कूटर उभी करणे म्हणजे ती सोय रद्द करणेच होय.

दुसऱ्याने नियम मोडलेला दिसला तर काय करावे? भांडू नये, असे माझे मत आहे. पुढच्या काचेतून पाहून आतल्या माणसाची अडचण कळत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली सासू मागे बसलेली असू शकते, किंवा मूल आधीच वर गेलेले असू शकते. सुरक्षारक्षकाला सांगावे, पण त्याच्यावर आवाज चढवू नये. तो ठेकेदाराकडून नेमलेला कामगार असतो, त्याच्या हातात एक शिट्टी आणि एक नारिंगी शंकू याशिवाय काही नसते, आणि मोठ्या गाडीतून उतरणाऱ्याला ‘साहेब, ही जागा लहान मुलांसाठी आहे’ असे सांगितल्यावर ‘मॅनेजरला बोलव’ हे उत्तर तो रोज ऐकत असतो. पाटीवर वयाची अट छापलेली असेल तर निदान तिच्याकडे बोट दाखवता येईल.

मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच. बाबागाडीच्या चित्राच्या या सगळ्या जागा मोटारींच्या आहेत, आणि आपल्या शहरांतील कितीतरी आईवडील मुलांना स्कूटरवरूनच घेऊन येतात. चार वर्षांखालील मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा, मुलाच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत. नियम पाळून आलेल्या आईला दाटीवाटीने लावलेल्या दुचाक्यांच्या रांगेत एका हाताने स्कूटर तोलत दुसऱ्या हाताने तो पट्टा सोडवावा लागतो, आणि परत येते तेव्हा दोन्ही बाजूंच्या गाड्या इतक्या चिकटलेल्या असतात की मूल कोणाच्या हाती द्यावे हा प्रश्न पडतो. दुचाकीच्या रांगेच्या टोकाच्या चार-पाच जागा दुप्पट रुंदीने आखायला मॉलला मोटारीच्या एका जागेहून अधिक क्षेत्र लागणार नाही. ज्या ठिकाणी मी नेहमी खरेदी करते तिथल्या व्यवस्थापकांना हे लेखी कळवले आहे, आणि सोबत कागदावर चौकटी आखून त्यांची मापेही दिली आहेत.