ठाणे ते नेरुळ, खाडीच्या कडेने: कुर्त्याच्या खिशातला कॅमेरा घेऊन

फेब्रुवारीत ताई आणि भाचा ठाण्याला आले आणि ऐरोलीच्या फ्लेमिंगोंचा बेत ठरला. बेत ठरल्यावर माझ्यापुढे पहिला प्रश्न आला तो कॅमेऱ्याचा. घरी मिररलेस (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) आहे, तिची लांब लेन्स आहे. दोन्ही मिळून पिशवी दोन किलोंच्या वर जाते. पण सोबत सात वर्षांचं पोर, मध्ये लोकल, मग बोट, दुपारी नेरुळ आणि सूर्यास्तापर्यंतची भटकंती. एवढा दिवस खांद्यावर ओझं घेऊन फिरायचं म्हणजे सगळं लक्ष पिशवीकडे. म्हणून ती घरीच ठेवली आणि सोनीचा आरएक्स१०० मार्क ७ खिशात टाकला. बॅटरी आणि कार्ड धरून ३०२ ग्रॅम, लांबी जेमतेम १० सेंटीमीटर. कुर्त्याच्या खिशात मावतो, फक्त खिसा खोल हवा.

हा कॅमेरा २०१९ मध्ये आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत १२०० डॉलरच्या आसपास होती. एवढ्या पैशांत चांगली मिररलेस बॉडी येते. मग एवढ्याशा डबीत मिळतं काय आणि हातचं जातं काय, हे मला खाडीवरच ताडून बघायचं होतं. आपल्या खाडीवर प्रखर ऊन असतं, खारी हवा असते, हलती बोट असते, लांबचे पक्षी असतात आणि संध्याकाळी झपाट्याने उतरणारा उजेड असतो. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली जागा आपल्या जवळपास मला तरी माहीत नाही.

निघालो ते तलावपाळीवरून. कोपिनेश्वराचं दर्शन घेतलं आणि जांभळी नाक्याच्या बाजारात शिरलो. सकाळच्या वेळी इथे झेंडूचे ढीग, शेवंती, हारांचे गुंते आणि त्यातून वाट काढणारी माणसं. एका फुलवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, फोटो काढू का?" त्या मान न वर करता म्हणाल्या, "काढ की बाई, पण हाराला हात लावू नको." मोठी लेन्स समोर आली की माणूस सावरून बसतो, पदर नीट करतो. या डबीकडे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिलंही नाही. शटरचा आवाज पूर्ण बंद करता येतो, त्यामुळे त्यांची बोटं सुईवर फूल ओवत राहिली आणि मला तो क्षण तसाच्या तसा मिळाला.

पहिली तडजोडही तिथेच लक्षात आली. मावशींचा गाळा आत, अंधारात. मार्क ७ ची लेन्स २४ ते २०० मिलिमीटरची (फुल-फ्रेमच्या हिशोबाने; आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं), पण सगळ्यात रुंद टोकालाही तिचं छिद्र एफ २.८ पर्यंतच उघडतं (इथे आकडा लहान तितकं छिद्र मोठं). याच मालिकेतल्या मार्क ३ ची लेन्स २४ ते ७० एवढीच होती, पण ती एफ १.८ पर्यंत उघडायची. हिशोब केला तर तिच्यातून जवळजवळ अडीचपट उजेड आत येतो. म्हणजे मला जिथे आयएसओ (उजेड कमी पडला की वाढवायची संवेदनशीलता) १६०० वर जावं लागलं, तिथे त्या जुन्या कॅमेऱ्याचं साडेसहाशेच्या आसपास भागलं असतं. सेन्सर दोन्हींत सारखाच, १३.२ बाय ८.८ मिलिमीटरचा. बहुतेक फोनच्या सेन्सरपेक्षा मोठा, पण बऱ्याच मिररलेसमध्ये असणाऱ्या मोठ्या एपीएस-सी सेन्सरच्या एक तृतीयांशही नाही. एवढ्या क्षेत्रफळात २ कोटी पिक्सेल बसवल्यावर अंधारात दाणे दिसणारच. झेंडू सुरेख आला, मावशींच्या काळ्या केसांत मात्र थोडी भुरभुर आहे. २०० मिलिमीटरपर्यंतचा झूम हवा म्हणून कंपनीने हा उजेड सोडला. दिवसभर मी त्या सौद्याच्या दोन्ही बाजू बघत होते.

ठाण्याच्या दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडली. दिघा गाव मागे टाकत, पारसिकचे डोंगर खिडकीत ठेवत ऐरोली कधी येतं कळतही नाही. भाच्याला खिडकी मिळाली होती, त्यामुळे फोटोंचा विषयच नव्हता.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटी सुटतात. वेळ भरतीवर ठरते, म्हणून आधी आरक्षण करूनच जावं. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. एका बाजूला भांडुप-विक्रोळीच्या इमारती, दुसऱ्या बाजूला ऐरोलीची कार्यालयं, वरून उच्चदाबाच्या तारा, आणि मधल्या चिखलात हजारो पाहुणे पक्षी. हे आपल्या दोन शहरांच्या मधोमध टिकून आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

बोटीला वेळ होता म्हणून धक्क्याकडे जाताना तिवरांच्या कडेला रेंगाळलो. चिखलातून तिवराची श्वसनमुळं पेन्सिलींसारखी वर आलेली, त्यांच्यामधून निवट्या (चिखलातले मासे) उड्या मारत होत्या आणि एक नांगी अंगापेक्षा मोठी असलेले छोटे खेकडे ती नांगी वरखाली करत होते. भाचा पोटावर पडायच्या बेतात होता, ताईने कॉलर धरली. इथे मात्र या कॅमेऱ्याने मन जिंकलं. मागचा स्क्रीन वर वळवला, कॅमेरा कठड्यातून खाली धरला, झूम पूर्ण २०० वर. त्या टोकालाही तो एक मीटरवरच्या वस्तूवर फोकस करतो. खेकड्याच्या देठांवरचे डोळे, नांगीच्या आतला केशरी रंग, पाठीवर वाळून तडकलेल्या चिखलाचा पापुद्रा, सगळं आलं. सेन्सर लहान असला की एकाच फोटोत पुढचं-मागचं बरंच काही स्पष्ट राहतं. माणसाच्या चेहऱ्यामागची गर्दी पुसून टाकायची असेल तर हा दोष, पण खेकड्यासाठी हेच वरदान. मिररलेसवर हाच फोटो घ्यायचा तर छिद्र बारीक करून आयएसओ वाढवावा लागला असता.

बोट निघाली आणि उन्हाने स्क्रीन पार धुऊन काढला. काही म्हणजे काही दिसेना. तेव्हा कोपऱ्यातली कळ खाली केली आणि व्ह्यूफाइंडर टपकन वर आला. एवढ्या छोट्या अंगात लपवलेली ही खिडकी नसती, तर खाडीवर मी नुसते अंदाजाने फोटो काढत बसले असते. कॉम्पॅक्ट घेताना व्ह्यूफाइंडर ही चैन आहे असं वाटणाऱ्यांनी एकदा दुपारी बोटीतून जाऊन यावं.

मग पक्षी दिसले. आधी नुसती गुलाबी रेघ, मग जवळ जाता जाता त्या रेघेला पाय फुटले. आपल्या खाडीवर रोहिताच्या, म्हणजे फ्लेमिंगोच्या, लहान आणि मोठा अशा दोन्ही जाती येतात. लहान रोहिताची चोच गडद लाल, मोठ्याची फिकट गुलाबी आणि टोकाला काळी. रंग त्यांना खाण्यातून मिळतो, शेवाळातली आणि बारीक जिवांतली रंगद्रव्यं पिसांत उतरतात. नावाड्याने मोटर बंद केली, कारण जास्त जवळ गेलं की थवा उठतो आणि खायचं सोडून उठलेल्या पक्ष्याची ताकद फुकट जाते.

भाच्याने स्क्रीनवर पाहून विचारलं, "मावशी, तुझ्या कॅमेऱ्यात ते एवढेसेच का दिसतात?"

त्याला सोपं करून सांगितलं, तुम्हाला आकड्यांत सांगते. २०० मिलिमीटरवर ६० मीटर लांबचं दृश्य धरलं तर फोटोच्या उंचीत साधारण ७ मीटर मावतात. लहान रोहित ८० ते ९० सेंटीमीटरचा. म्हणजे फोटोच्या उंचीचा आठवा-नववा भाग पक्षी आणि बाकी सगळं पाणी. फोटोची उंची ३६४८ पिक्सेलची, त्यात पक्ष्याच्या वाट्याला चारशे ते साडेचारशे. तेवढ्यात चोच ओळखू येते, डोळा नाही. आमच्याच बोटीत एक काका १५०-६०० ची लेन्स घेऊन बसले होते. त्यांनी मोठ्या मनाने स्क्रीन दाखवला: लाल डोळा, चोचीवरून ओघळणारं पाणी, मानेवरची पिसं एकेक वेगळी. तो फोटो माझ्या खिशातल्या डबीतून येणं शक्यच नाही. पक्ष्यांसाठी कॅमेरा घेणाऱ्याने ही मालिका विसरावी, असं मी स्पष्ट सांगते.

पण मग थवा स्वतःच उठला. वरून घार फिरली असावी. पाण्यावर आधी पायांची धावपळ, मग पंख उघडताच काळ्या-लाल रंगाचा एकदम भडका. इथे त्या डबीने काकांच्या लेन्सपेक्षा मला जास्त दिलं. ६०० वर त्यांच्या चौकटीत दोन-तीन पक्षी मावत होते. मी झूम ७० च्या आसपास आणला, बटण दाबून धरलं आणि सेकंदाला २० फोटो, तेही दृश्य मध्ये एकदाही काळं न होता. माझ्या चौकटीत थवा आहे, खालचं त्याचं प्रतिबिंब आहे, मागे विजेचे मनोरे आणि इमारतींची रांग आहे, आणि कडेला तोंड उघडं टाकून बघणारा भाचा आहे. हा थवा नेमका कुठे उठला, हे त्या फोटोत दिसतं.

बोटीतून उतरल्यावर कॅमेरा पुसून झिपच्या पिशवीत टाकला, आत सिलिका जेलची पुडी. या कॅमेऱ्याला धूळ-पाण्यापासून संरक्षण नाही, आणि सुरू करताना लेन्स नळीसारखी बाहेर येते, बंद करताना आत जाते. नळीवर बसलेलं खारं पाणी तिच्यासोबत आत जाणार. लेन्स काढता येत नाही, त्यामुळे सेन्सरपर्यंत धूळ गेली तर घरी साफ करायची सोयही नाही. खाडीवर, समुद्रावर, किंवा पावसाळ्यात येऊरच्या जंगलात नेणार असाल तर ही काळजी सवयीचीच करून टाका. बॅटरीचंही तसंच. कंपनीच्याच आकड्याप्रमाणे एका चार्जमध्ये २६० च्या आसपास फोटो. सेकंदाला वीस काढणाऱ्या कॅमेऱ्याला हे तोकडं आहे, म्हणून जास्तीची बॅटरी पर्समध्ये असतेच. चार्जिंगला मायक्रो-यूएसबी, म्हणजे फोनची वायर चालत नाही, वेगळी घ्यावी लागते. एवढ्या महाग वस्तूत हे मला पटत नाही.

नेरुळला उतरून मिसळ खाल्ली, भाच्याने ताकावर ताक प्यायलं, आणि ऊन उतरल्यावर डीपीएस तलावाकडे गेलो. नवी मुंबईत भरतीच्या वेळी खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो या आतल्या तळ्यांवर येऊन थांबतात. भरतीचं पाणी आत यायच्या वाटा मोकळ्या असतील तरच ही तळी त्यांच्या कामाची राहतात. इथे पक्षी बोटीतल्यापेक्षाही जवळ होते, झाडीआडून उभं राहून बघता आलं.

सूर्य खाली गेला तसं मात्र कॅमेऱ्याचं बळ सरू लागलं. २०० मिलिमीटरवर छिद्र एफ ४.५ पर्यंतच उघडतं. आयएसओ ६४०० ला गेल्यावर गुलाबी रंग मातकट व्हायला लागला. अशा वेळी मला रिकोचा जीआर ३ आठवतो. तोही खिशातला, वजनाने याहून हलका, २५७ ग्रॅम, आणि आत चक्क एपीएस-सी सेन्सर. पण लेन्स एकच, २८ मिलिमीटरची, झूम नाही, व्ह्यूफाइंडर नाही. फुजीफिल्मचा एक्स१०० सहा (X100VI) तर संध्याकाळी फारच देखणं काम करतो, सोबत व्ह्यूफाइंडरही देतो, पण ५२१ ग्रॅमचा आहे आणि लेन्स ३५ मिलिमीटरचीच. जांभळी नाक्यावर मी या दोन्हींपैकी कुठलाही घेतला असता. खेकड्यापाशी आणि बोटीत दोन्ही हताश करतात. दिवसात एकच कॅमेरा न्यायचा असेल तर माझा हात पुन्हा २४-२०० कडेच जाईल, कारण मला बाजार, चिखल आणि थवा हे तिन्ही हवे असतात. ज्यांचे फोटो मुख्यतः घरात, लग्नांत किंवा रात्री रस्त्यावर निघतात, त्यांनी मात्र मार्क ७ च्या मागे न लागता मोठा सेन्सर किंवा एफ १.८ ची लेन्स बघावी.

घरी संगणकावर सगळे फोटो बघितले. एकट्या पक्ष्याचा बोटीतला सर्वांत चांगला फोटो कापून घेतला तर चांगल्या छपाईत तो रोहित जेमतेम दीड इंचाचा निघतो. थव्याचा फोटो न कापता १२ बाय १८ इंचांत नीट छापता येतो. ताईने तोच निवडला, भाच्याने त्यावर बोट ठेवून कुठला पक्षी पहिल्यांदा उडाला ते दाखवलं. दोन प्रती छापायला दिल्या आहेत, एक ताईकडे जाईल आणि दुसरी त्या नावाड्याला द्यायला मी एप्रिलच्या आत ऐरोलीला पुन्हा जाणार आहे.