साहेबांची संकष्टी

आज सचिव साहेबांचा दौरा होता. कागदावर कसं छान दिसतं: ‘सकाळी ७.३० मोटारीने पुण्याहून सोलापूरकडे प्रयाण. १२.०० शासकीय विश्रामगृह येथे आगमन व राखीव. १२.३० आढावा बैठक. २.०० भोजन. ३.०० पंढरपूरकडे प्रयाण.’ तो ‘राखीव’ अर्धा तास म्हणजे आमचा प्राणवायू, उशीर झाला की पहिला तोच जातो.

गाडी टेंभुर्णीच्या पुढे आली आणि पीएंचा फोन, ‘अहो, साहेबांची आज संकष्टी आहे.’ झालं! कडक भाकरी, शेंगाचटणी, भरली वांगी तयार. खानसामा मामा नुसतं ‘बरं’ म्हणाले नि भगर निवडायला बसले. दाण्याची आमटी दोनच्या आत तयार! बैठकीत पाणीटंचाईचं सादरीकरण लांबलं ते एका अर्थी बरंच झालं.

मग पंढरपूरला फोन, रात्रीचं जेवण आठला नको, चंद्रोदयानंतर ठेवा.

भाकऱ्या ड्रायव्हर आणि पोलीस मंडळींनी संपवल्या. (त्यांच्या जेवणाचा रकाना कुठल्याच दौरा कार्यक्रमात नसतो, हे मला कायम खटकतं.)

आता बिलं. एका जेवणाची दोन जेवणं कशी झाली, हे उद्या लेखा शाखेला समजावायचंय.